जिन्याखालचा व्हॉल्व्ह

मी जिन्याखालचा व्हॉल्व्ह. नळाच्या तोटीला लोक निदान ओळखतात. तिला हात लावतात, ती गळायला लागली तर तिला नावे ठेवतात, मुले तिला तोंड लावून पाणी पितात. माझ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही, आणि जो येतो तो रागावलेलाच असतो. अंग पितळेचे, डोक्यावर लाल रंगाची लोखंडी चाकी आणि काम एकच. इकडे फिरवले की पाणी सोडायचे, तिकडे फिरवले की अडवायचे. एवढेच काम असूनही आपल्यावाचून जगाचे अडते असे वाटणारी माणसे कचेऱ्यांतून पुष्कळ असतात असे ऐकतो. मी तरी तसे मानत नाही. मला कुणाची बाजूही नाही. किंवा असे म्हणा की मला दोन बाजू आहेत: एकीकडून पाणी येते, दुसरीकडून जाते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. तिथे एका तपासनिसाने माझ्यात जोराचा दाब सोडला, मी कुठे पाझरतो का ते पाहिले आणि काही न बोलता मला पेटीत टाकले. आयुष्यात माझी एवढी निःपक्षपाती परीक्षा पुन्हा कुणी घेतली नाही. पुढे एका दुकानाच्या फळीवर मी बराच काळ धूळ खाल्ली. तिथून मला चष्मेवाल्यांनी विकत घेतले.

चष्मेवाले म्हणजे हमरस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. सगळा गाव त्यांना याच नावाने ओळखतो. बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमचे चष्मेवाले’ असेच म्हणते. घर पाहावे बांधून म्हणतात, ते त्यांनी एकदा पाहिले होते. आता भाड्याने देण्यासाठी वर मजला चढवून दुसऱ्यांदा पाहत होते. मला कुठे बसवायचे असे प्लंबरने विचारले. रीतीप्रमाणे माझी जागा गच्चीवर, टाकीच्या बगलेला. चष्मेवाले म्हणाले, खाली बसव, जिन्याखाली, माझ्या हाताशी.

प्लंबर म्हणाला, “साहेब, पाणी गच्चीवर, माणसं मधल्या मजल्यावर आणि व्हॉल्व्ह तळमजल्यावर?”

“घर माझं आहे ना?”

प्लंबरची मजुरी नळाच्या लांबीवर ठरली होती, त्यामुळे त्याने अधिक वाद घातला नाही. तेव्हापासून या घरातले पाणी गच्चीवरून निघते, भाडेकरूच्या दारावरून त्याला ओळख न दाखवता सरळ खाली उतरते, माझ्यापाशी येऊन थांबते, परवानगी असली तर पुन्हा वर चढते आणि मग कुठे भाडेकरूच्या बादलीत पडते. सरकारी कागद याच वाटेने जातो म्हणतात.

या लांबच्या नळाचा मला एक फायदा झाला. नळातून आवाज फार चांगला येतो. वर कोण काय बोलते, खाली स्वयंपाकघरात काय कुजबुजते, सगळे माझ्यापर्यंत पोचते. डोक्यावर जिना असल्याने पावले तर मी न पाहता ओळखतो.

सुरुवातीला दोन-तीन भाडेकरू आले आणि गेले. भाड्याला उशीर झाला की चष्मेवाले खाली वाकत, मला बंद करत आणि दुकानात निघून जात. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण त्यांना लहानपणी कुणीतरी शिकवली असावी, आणि बाकीचे शिक्षण त्यांना फारसे लागले नाही. संध्याकाळपर्यंत वरचा माणूस खाली येई, मान खाली घाली, आणि चष्मेवाले दानधर्म केल्याच्या चेहऱ्याने मला उघडत. हे करता येत नाही, असे त्यांना कुणी सांगितले नव्हते. वरच्या लोकांनाही नाही. दोन्हीकडचे अज्ञान सारखे असले की व्यवहार सुरळीत चालतो.

मग सिस्टर आली. ती इस्पितळात परिचारिका. बरोबर म्हातारे वडील, ज्यांना ती आप्पा म्हणे. आप्पांनी हयातभर टपालाच्या थैल्या वाहिल्या होत्या आणि आता स्वतःचे शरीर वाहताना त्यांना काठी लागत होती. सही करण्याआधी सिस्टरने करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. चष्मेवाल्यांना ते लागले. विश्वास नाही का, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, “विश्वास आहे म्हणून वाचतेय काका. नसता तर जिनाच चढले नसते.”

पुष्कळ दिवस सुखाने गेले. भाडे वेळेवर येई, मी उघडा असे, माझी चाकी गंजू लागली. याच काळात मालकीणबाईंचे गुडघे बोलू लागले. धुणे धुवायला मागच्या मोरीत नळ हवा, असे त्यांनी सांगितले. मुख्य नळ लांब, मी जवळ. चष्मेवाल्यांनी प्लंबरला, लांबून नळ आणत बसू नकोस, इथूनच जोड, असे फर्मावले. प्लंबरने माझ्या पुढच्या अंगाला, म्हणजे वर जाणाऱ्या नळाला, जोड देऊन मोरीत तोटी बसवली. पाइप वाचला म्हणून चष्मेवाले खूश झाले. आपण आपल्याच बायकोला भाडेकरूच्या नळावर नेऊन बसवले, हे त्यांच्या लक्षात आले नाही. रोज शेकडो लोकांची दृष्टी तपासणारा माणूस. सगळीकडे कुठे बघणार?

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. वर आप्पा न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले, पण जिना उतरायचे नाव काढू नका, हाड जुळेपर्यंत पलंग सोडायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. आणि खाली चष्मेवाल्यांच्या लेकीचा फोन आला, की सध्या मैत्रिणीकडे आहे, थोड्या दिवसांनी येतेय, कायमची.

का येतेय ते तिने सांगितले नाही आणि आईबापांनी विचारले नाही. त्या रात्रीच्या जेवणात भांड्यांचाही आवाज झाला नाही. पुढची खोली तिला देऊ, असे मालकीणबाई म्हणाल्या. चष्मेवाल्यांना ते पटेना. पुढच्या खोलीत बसली की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार, प्रत्येक जण विचारणार, लेक माहेरी किती दिवस? वरच्या मजल्यावर राहिली तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. त्यांना लेकीसाठी जागा हवी होती हे खरे. पण ती कुणाला दिसू नये अशी जागा हवी होती, हे त्याहून खरे.

ते वर गेले आणि सिस्टरला म्हणाले, महिनाअखेर जागा मोकळी करा. सिस्टरने सांगितले, की कराराची मुदत अजून बरीच आहे, आणि नसती तरी आप्पांना कशी हलवू? हाड सरकले तर ते पुन्हा पायावर उभे राहणार नाहीत. “माझ्या लेकीनं रस्त्यावर राहायचं का?” असे चष्मेवाले म्हणाले. “रस्त्यावर नको काका, पण माझ्या बापानंही नको,” असे ती म्हणाली.

इथे सिस्टरचीही एक चूक सांगायला हवी, नाहीतर मी तिचा वकील वाटेन. आप्पा उभे राहतील तेव्हा धरायला असावी म्हणून तिने न्हाणीघरात भिंतीला एक दांडी ठोकून घेतली. मालकाला विचारले नाही. भोके पाडताना भिंतीच्या फरशीला तडा गेला. हातोड्याचा आवाज नळातून मला आला तसा खाली चष्मेवाल्यांनाही आला. दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावर असताना ते आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून आत शिरले आणि फरशी पाहू लागले. पलंगावरून आप्पांनी विचारले, “कोण?”

“मी. मालक.”

“मग कडी वाजवायची. घर तुमचं असेल, पण आत मी झोपलोय.”

चष्मेवाले खाली आले ते घुश्शातच. त्यांनी मेहुण्याला बोलावले. मेहुणा वकील, फुकट सल्ला मागितला की त्याला नेहमी घाई असते. जिन्याच्या पायरीवर बसूनच त्याने बूट न काढता ऐकून घेतले. फरशी न विचारता फोडली ही तिची चूक, ती तिच्याकडून दुरुस्त करून घेता येईल. लेकीला जागा हवी हेही कारण म्हणून मांडता येईल, पण रीतसर नोटीस देऊन, मुदतीनंतर, आणि ती नाही म्हणाली तर कोर्टातून. आणि त्यांच्या खोलीत न सांगता जाऊ नकोस.

“पाणी बंद करतो मी,” चष्मेवाले म्हणाले.

“ते अजिबात करता येत नाही. भाडं थकलं असतं तरी नाही. पाणी नाही, वीज नाही.”

“मग घर कुणाचं?”

“घर तुझंच रे. राहायचा हक्क तेवढा सध्या तिचा.”

हे वाक्य चष्मेवाल्यांना अजिबात कळले नाही. मला मात्र लगेच कळले, कारण माझी स्थिती तशीच आहे. पाणी माझ्या पोटात असते, पण ते माझे नसते.

मेहुणा गेला आणि चष्मेवाले खाली वाकले. मी गंजलो होतो, त्यामुळे त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मी बंद झालो.

वर सिस्टर घागरीत होते तेवढे पाणी पुरवून पुरवून वापरू लागली. अंथरुणातल्या माणसाला दिवसातून किती वेळा पुसावे लागते ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. ती कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून बादल्या आणू लागली. ड्यूटीवरून आली की आधी बादल्या, मग बाप, मग उरले तर जेवण. तिने कचेरीत जाऊन तक्रार दिली. तिथला कारकून म्हणाला की बाई, तुमचे अगदी बरोबर आहे, असे पाणी तोडता येत नाही. मग त्याने पुढची तारीख दिली. कायदा तिच्या बाजूने होता, फक्त जरा जेवणाच्या सुट्टीवर होता. प्लंबरने पकडीने मला उघडून द्यायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. एकदा न विचारता भिंतीला हात लावून बसले, आता मालकाच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

दोन्ही घरे एकमेकांना पाण्यात पाहत होती. आता पाणीच बंद झाल्यावर पाहायलाही काही उरले नाही.

तिकडे मोरीत मालकीणबाईंनी तोटी सोडली, तर नुसती हवा. त्यांनी नवऱ्याला सांगितले. चष्मेवाल्यांना तेव्हा कुठे तो वाचवलेला पाइप आठवला. पण माघार कशी घ्यायची? थोडे दिवस स्वयंपाकघरातून बादल्या ने, असे ते म्हणाले. त्यांनी बादली उचलली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले दुकानात गेले आणि थोड्याच वेळात दुखऱ्या गुडघ्यांची ओळखीची पावले जिन्याखाली आली. मालकीणबाई खाली बसल्या, “आई गं” म्हणाल्या आणि त्यांनी मला उघडले. नवरा यायच्या सुमारास पुन्हा बंद केले. मग रोजच तसे होऊ लागले. वर सिस्टर दिवसाच सगळी भांडी भरून ठेवू लागली. व्हॉल्व्ह कोण उघडते ते तिने विचारले नाही आणि मालकीणबाईंनी सांगितले नाही. जिन्यात भेट झाली तर “आप्पा कसे आहेत?” “बरे आहेत काकू,” एवढेच. त्या उघडत होत्या त्या धुण्यासाठी की आप्पांसाठी, हे मी पैजेवर सांगू शकणार नाही. त्यांनाही सांगता आले असते असे वाटत नाही.

चष्मेवाले मात्र चक्रावले. नाक दाबून इतके दिवस झाले, तोंड उघडत कसे नाही? एके दिवशी ते चष्म्याची काडी विसरली म्हणून दुकानातून मधेच परत आले, आणि वर पाणी पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. त्यांचा संशय सिस्टरवर गेला. बायकोवर संशय घ्यायची कल्पना त्यांना शिवली नाही, यात बायकोचा मान होता की अपमान, देव जाणे. त्यांनी मला बंद केले, स्क्रू काढला, माझी लाल चाकी उपटली आणि कोटाच्या खिशात घालून ते दुकानात गेले. डोक्यावर चाकी नसलेला व्हॉल्व्ह म्हणजे शिक्का नसलेला साहेब. खुर्ची आहे, पण काम होत नाही.

तेव्हा खरी अडचण झाली. सिस्टरला त्या आठवड्यात लागोपाठ ड्यूट्या होत्या. बादल्या पुरेनात. आप्पांच्या पाठीला एका जागी लाल चट्टा उठला. तो फुटला तर काय होते ते परिचारिकेला सांगावे लागत नाही. नळातून तिचा आवाज आला, “आप्पा, आपण जाऊ दुसरीकडे. स्ट्रेचरवरून नेऊ, जे व्हायचं ते होईल.” आप्पा आधी खोकले. मग म्हणाले, “तू म्हणशील तसं.”

त्याच दिवशी दुपारी लेक आली. एका बॅगेनिशी. दारात तिला आई दिसली ती स्वयंपाकघरातून मोरीकडे बादली ओढताना, आणि जिन्यात एक अनोळखी बाई, दोन्ही हातांत दोन बादल्या, धापा टाकत वर चढताना. लेकीने आईच्या हातातली बादली घेतली आणि घरात पाणी नाही का, असे विचारले. मालकीणबाईंनी आधी हे ते सांगितले आणि मग खरे सांगितले. लेकीने बॅग जिन्यापाशीच ठेवली आणि पायरीवर, अगदी माझ्या डोक्यावर, बसून राहिली.

चष्मेवाले जेवायला आले. त्यांनी लेकीची बॅग उचलून आत ठेवली. तुझीच सोय करतोय बाळ, वरची जागा आठ दिवसांत मोकळी होते बघ, असे ते म्हणाले.

“कशी मोकळी होते?”

चष्मेवाल्यांनी कोटाचा खिसा चाचपला.

ती म्हणाली, “बाबा, सासरी मी बाजारातून आले तर दाराचं कुलूप बदललेलं होतं. आत दिवा लागलेला. मी हाका मारल्या. कुणी भांडलं नाही, मारलं नाही, एक वाकडा शब्द बोललं नाही. नुसतं कुलूप बदललं. तुम्ही नळ बंद केलाय. यातला फरक तेवढा मला सांगा, मग मी वर राहायला जाते.”

मालकीणबाई पदराआड रडत होत्या. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिशातून माझी चाकी काढून तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

“मी नाही. तुम्ही बंद केलंत.”

चष्मेवाले जिन्याखाली आले. वाकताना त्यांचा चष्मा माझ्यासमोर जमिनीवर पडला. तो न उचलता त्यांनी चाचपडत चाकी बसवली आणि मला उघडले. पाणी वर चढले. काही वेळाने वरून मोठ्या पातेल्यात धार पडल्याचा आवाज आला आणि मग सिस्टरने आप्पांना पुसायला पलंग भिंतीपासून सरकवला.

पुढचे सगळे रीतसर झाले, म्हणून त्यात सांगण्यासारखे फार नाही. लेक पुढच्या खोलीत राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारले, तिने सांगितले, आणि थोड्याच दिवसांत लोकांना दुसरे विषय मिळाले. मेहुण्याने नीट नोटीस लिहून दिली. सिस्टरने ती वाचून घेतली, अर्थात पूर्ण. मुदत संपेपर्यंत ती राहिली. आप्पांची पाठ बरी झाली, हाड जुळले, दांडी धरून ते उभे राहू लागले. सिस्टरने तडकलेली फरशी स्वखर्चाने बदलून दिली. चष्मेवाले भिंतींच्या मळलेल्या रंगाचेही काही कापून घेऊ पाहत होते. राहून जी झीज होते तिचाच मोबदला म्हणजे भाडे, असे मेहुण्याने ऐकवले. अनामत परत गेली. दोघांनीही एकमेकांची क्षमा मागितली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही.

निघायच्या दिवशी माझ्या डोक्यावरून काठी, पाऊल, पाऊल, पुन्हा काठी असे आप्पा स्वतःच्या पायांनी खाली उतरले. मधल्या पायरीवर थांबले, दम घेतला, आणि उतरले.

वरचा मजला रिकामा झाला. चष्मेवाल्यांनी तो स्वतः झाडून घेतला आणि किल्ली लेकीच्या हातावर ठेवली.

ती म्हणाली, “करार?”

“कसला करार?”

“भाड्याचा. नोकरी लागलीय मला, परवडेल तेवढं सांगा.”

“वेडी का तू? पोटच्या पोरीकडून भाडं घेऊ? घर तुझंच आहे.”

“तिकडेही हेच म्हणायचे बाबा. घर तुझंच आहे, घर तुझंच आहे. ज्याचं स्वतःचं असतं त्याला एका रात्रीत बाहेर काढता येतं. भाडेकरूला निदान मुदत तरी असते.”

चष्मेवाले आधी चिडले, मग हसण्यावारी न्यायला गेले, ते काही जमले नाही. शेवटी त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून मालकीणबाईंनी सही केली, आणि करताना त्यांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नवऱ्याने, तुला काय त्यातलं कळतंय, असे विचारले नाही.

आता माझे बरेच वय झाले आहे. त्या दिवसानंतर मला कुणी फिरवलेले नाही. चाकी गंजली, दांडा आतल्या आत जाम झाला, आणि मी होतो तसाच उघडा अडकून बसलो आहे. प्लंबर एकदा पाहून गेला. हा आता बंद व्हायचा नाही, बदलून टाका, असे म्हणाला. घरात कुणाला घाई दिसत नाही. जो बंद करता येत नाही तो व्हॉल्व्ह कसला, तो नुसता नळाचा तुकडा, असे धंद्यातली माणसे म्हणतील. म्हणू देत. माझ्या जातीचा जन्म गळती आली तर पाणी थांबवायला झाला. माणसे थांबवायला नव्हे. तुमच्या घरात मी कुठे असेन तर मला महिन्यातून एकदा तेल द्या, आणि राग आला तर दुसरीकडे कुठेतरी जा. एवढेच मागणे.

वर लेक राहते. पहिल्या तारखेला भाडे देते आणि पावती घेते. एरवी ती त्यांना बाबा म्हणते, पण पावसाळ्यात छत पाझरले, की जिन्यातून खाली हाक येते, “अहो मालक.” चष्मेवाले हातातला घास ठेवून उठतात, कुरकुरतात, जिना चढतात. आणि वर पोचल्यावर दार उघडे असले तरी कडी वाजवतात.